अनियंत्रित राजसत्ता : कोणावर अनियंत्रित?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

राज्यसंस्थेविषयी आपण नेहमी बोलतो. ती कोणाच्या हाती असावी, तिने काय करावे, तिच्यावर अंकुश कोणाचा असावा, यावर आपले वाद होतात आणि ते व्हावयासही हवेत. परंतु ज्या यंत्रणेविषयी आपण एवढे बोलतो ती मुळात घडली कशी, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. कायमचा कर, कायमचे सैन्य, राजधानीचा हुकूम घेऊन प्रांतोप्रांती जाणारा अधिकारी आणि सरकारच्या डोक्यावर वाढत जाणारे कर्ज, ही आज आपणांस स्वाभाविक वाटणारी सामग्री युरोपात साधारणतः पंधराव्या ते अठराव्या शतकांत जमा झाली. या काळाला अनियंत्रित राजसत्तेचा काळ म्हणतात. आज मी मुख्यतः फ्रान्सविषयी बोलणार आहे. कारण अनियंत्रित राजा म्हटले की ज्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, तो चौदावा लुई फ्रान्सचा.

ते चित्र आपल्या परिचयाचे आहे. व्हर्सायचा झगमगता राजवाडा, राजाच्या उठण्याबसण्याचाही सोहळा करणारे दरबारी, आणि 'राज्य म्हणजे मी' हे त्याच्या तोंडी घातले गेलेले वाक्य. लुईने हे वाक्य उच्चारल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. उलट १७१५ साली मृत्युशय्येवर असताना 'मी जातो आहे, राज्य मात्र राहील' अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याची नोंद एका दरबाऱ्याने करून ठेवली आहे. परंतु प्रश्न एका वाक्याचा नाही. त्या चित्रामुळे आपली अशी समजूत होते की, एका माणसाची इच्छा दोन कोटी माणसांच्या देशावर अप्रतिहत चालत होती. प्रांतांत राजाच्या वतीने कारभार पाहणारे मुख्य अधिकारी तिसाच्या आसपास. रेल्वे नाही, तार नाही, सर्वत्र एक भाषा नाही, एक कायदा नाही, वजनमापे गावागणिक निराळी. अशा देशात केवळ एकाच्या इच्छेने राज्य चालेल कसे? ते ज्यांच्या सहकार्याने चालले, त्यांना त्या सहकार्याचे मोल काय मिळाले? राजा अनियंत्रित होता हे क्षणभर मान्य करू; पण तो अनियंत्रित होता कोणावर?

या प्रश्नाचे उत्तर राजवाड्यात सापडत नाही. ते कराच्या वहीत सापडते. म्हणून आपण ती वही उघडू.

कर कायमचा झाला

मध्ययुगीन युरोपातील राजाने स्वतःच्या जमिनीच्या उत्पन्नावर राहावे, असा संकेत होता. युद्ध आले तर त्याने सरदार, धर्मगुरू आणि नगरवासी यांच्या सभा बोलवाव्यात आणि त्यांच्याकडे मदत मागावी. युद्ध संपले की कर संपला. इंग्लंडबरोबरच्या शतवार्षिक युद्धाने हा संकेत मोडला. १४३९ साली सातव्या चार्ल्सने ओर्लेआँ येथून काढलेल्या फर्मानाने सैन्य उभारण्याचा आणि त्यासाठी 'ताय' नावाचा कर बसविण्याचा अधिकार केवळ राजाचा ठरला. सरदारांनी आपापल्या रयतेवर हा कर बसविण्यास मनाई झाली. १४४५ मध्ये पगारी घोडदळाची कायमची पथके उभी राहिली. पुढे युद्ध संपले, पण कर राहिला आणि पथकेही राहिली. दरवर्षी संमती मागण्याची चाल हळूहळू मोडली.

ज्या सरदारवर्गाने मनात आणले असते तर हा बदल तलवारीच्या बळावर रोखता आला असता, तो गप्प का बसला? कारण त्याला हा कर भरावयाचा नव्हता. सरदार रणांगणावर रक्त सांडून आपला कर देतो, सबब त्याला ताय माफ. धर्मगुरू प्रार्थना करतो, सबब त्यालाही माफ. पॅरिससकट अनेक मोठ्या शहरांनी माफीच्या सनदा मिळविल्या. दक्षिणेकडील काही प्रांतांत माफी माणसाला नसून जमिनीला होती. तेथेही 'सरदारी' ठरलेली जमीन करातून सुटली. उरला शेतकरी. त्याच्या गावावर एक ठोक रक्कम ठरविली जाई आणि गावातीलच काही जणांना वसुलीचे काम सक्तीने सोपविले जाई. रक्कम कमी पडली तर तुरुंगात जाण्याची पाळी या वसुली करणाऱ्या गावकऱ्यांवर येई. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरातील भांडे उचलावयाचे आणि राजाचा हात मात्र दिसावयाचा नाही, अशी ती व्यवस्था होती.

सार्वभौमत्वाची आधुनिक व्याख्या करणारा झाँ बोदँ याच फ्रान्सचा. त्याचा ग्रंथ १५७६ साली प्रसिद्ध झाला. राज्यात अंतिम सत्ता एकच असली पाहिजे आणि ती विभागता येत नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. परंतु हाच बोदँ म्हणतो की, प्रजेच्या संमतीवाचून राजाने कर बसवू नये. त्याच वर्षी ब्ल्वा येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेत तिसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून त्याने राजाच्या पैशाच्या मागणीला विरोधही केला. पुढील राजांनी बोदँची व्याख्या उचलली आणि अट मागे ठेवली. राष्ट्रीय सभा १६१४ साली भरली, त्यानंतर ती थेट १७८९ साली. मधली १७५ वर्षे तिला कोणी बोलावलेच नाही.

सरकारी पदांचे वतन

कर वसूल करावयाचा तर माणसे हवीत. फ्रान्सच्या राजांनी ही माणसे नेमली नाहीत. त्यांनी पदे विकली. न्यायाधीश, खजिनदार, करनिरीक्षक, नोंदणी करणारा कारकून, सगळ्या पदांना किंमत. विकत घेणाऱ्याला पगाराच्या रूपाने व्याज मिळे, वर मान मिळे, करमाफी मिळे आणि वरच्या पदांबरोबर सरदारकीही मिळे. १६०४ साली 'पोलेत' नावाची व्यवस्था आली. पदाच्या किमतीचा साठावा भाग दरसाल सरकारात भरला की ते पद मुलाकडे वारसाहक्काने देता येई किंवा दुसऱ्यास विकता येई. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. वतन या एकाच शब्दात ते सारे आले. फरक इतकाच की, हे वतन रोख पैसे मोजून घेतलेले होते.

१५१५ च्या सुमारास अशी पदे चार हजारांच्या आसपास होती. १६६५ साली ती पंचेचाळीस हजारांच्या घरात गेली. पदाचा उपयोग आहे की नाही हा प्रश्नच नव्हता; पैशाची निकड भासली की नवी पदे निर्माण करून बाजारात आणावयाची, हा परिपाठ होता. ज्याच्याजवळ पैसा होता तो व्यापारी कारखाना काढण्याऐवजी पद विकत घेऊ लागला. या व्यवहाराचा अर्थ असा की, राजाने श्रीमंतांवर कर बसविण्याऐवजी त्यांच्याकडून उसने घेतले आणि तारण म्हणून राज्यसत्तेचे तुकडे त्यांच्या हाती दिले. त्या कर्जाचे व्याज पुन्हा शेतकऱ्याच्या करातूनच जात होते. ज्याला आपण राजाची नोकरशाही म्हणतो, ती बऱ्याच अंशी राजाच्या सावकारांची संघटना होती. विकलेले पद परत घ्यावयाचे तर किंमत परत द्यावी लागे, आणि तेवढे पैसे राजाजवळ कधीच नव्हते.

युद्ध, मीठ आणि अनवाणी सेना

१६३५ साली फ्रान्स तीस वर्षांच्या युद्धात उघडपणे उतरला. कार्डिनल रिशेल्यू त्या वेळी मुख्यमंत्री होता. सैन्य वाढले आणि त्याबरोबर ताय थोड्याच वर्षांत कित्येक पटींनी वाढला. जुने पदधारी ही वसुली पुरेशी जलद करीत नव्हते, म्हणून राजाने आपले खास अधिकारी प्रांतांत पाठविले. त्यांना इंटेंडंट म्हणत. हे पद विकत मिळत नसे आणि राजाच्या मर्जीप्रमाणे परत घेता येई. १६४२ पासून ताय आकारण्याचे काम त्यांच्याकडे आले. मागे गरजेप्रमाणे शिपाई येत. ज्याला आपण केंद्रीय प्रशासन म्हणतो, त्याचा फ्रान्समधील पाया असा युद्धकालीन वसुलीत घातला गेला.

शेतकऱ्यांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १६३६-३७ मध्ये नैर्ऋत्येकडील प्रांतांत 'क्रोकाँ' म्हणविले जाणारे शेतकरी हजारोंच्या संख्येने उठले. १६३९ साली नॉर्मंडीत उठाव झाला तो मिठावरून. मिठाच्या कराला तेथे 'गाबेल' म्हणत. उत्तर व मध्य फ्रान्सच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ सरकारी कोठारातून ठरलेल्या भावाने घेण्याची सक्ती होती. ब्रिटनी प्रांताला माफी होती. गाबेलच्या हद्दीतील भाव तेथील भावाच्या वीस पटींहूनही अधिक असे. सीमेवर मिठाची चोरटी ने-आण चाले आणि पकडलेल्या माणसाला जहाजावर वल्हे मारण्याची शिक्षा होई. नॉर्मंडीच्या ज्या भागात समुद्राच्या वाळूतून मीठ काढण्याची जुनी सवलत होती, तेथे पूर्ण गाबेल येणार अशी बातमी पसरली आणि आव्हराँशच्या परिसरात लोक उठले. त्यांनी आपल्या सेनेला अनवाणी लोकांची सेना म्हटले. मिठागरात वाळूवर अनवाणी राबणाऱ्यांचे ते नाव होते. १९३० साली शिरोडे आणि वडाळा येथे मिठासाठी लाठ्या खाल्लेल्या महाराष्ट्राला त्या नावातील धग निराळी सांगावयास नको. नोव्हेंबर १६३९ मध्ये सेनापती गासियोंने आव्हराँश येथे हा उठाव चिरडला, आणि पाठोपाठ चॅन्सेलर सेग्ये शिक्षा सुनावण्यासाठी स्वतः नॉर्मंडीत उतरला.

या सेग्येच्या दप्तराची हकीगत सांगण्यासारखी आहे. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांनी त्याला लिहिलेल्या पत्रांचा मोठा साठा फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसमधील रशियन वकिलातीतील एका संग्राहकाच्या हाती लागला आणि अखेर पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात जाऊन पडला. सोव्हिएत इतिहासकार बोरिस पोर्शनेव्ह याने तो वाचला आणि १६२३ ते १६४८ या काळातील लोकउठावांवरील आपला ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचा इतिहास त्यांना चिरडणाऱ्यांच्या पत्रांतून त्याने बाहेर काढला. राज्यसंस्था ही सरंजामी वर्गाचे हत्यार होती आणि हे उठाव वर्गीय होते, असे त्याचे प्रतिपादन होते. रोलाँ मूनिए या फ्रेंच इतिहासकाराने त्याला विरोध केला. अनेक उठावांत स्थानिक सरदार आणि पदधारी शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे होते, तेव्हा लढा वर्गावर्गांत नसून प्रांत आणि राजधानी यांच्यात होता, असे तो म्हणाला. दोघांच्याही हाती पुरावा होता. सरदार शेतकऱ्याला फूस लावीत, हे खरे. कारण शेतकऱ्याच्या खिशात राजाचा हात गेला की सरदाराचा खंड बुडे. सरदाराचे भांडण राजाशी होते ते लुटीच्या वाटणीचे. शेतकऱ्याचे भांडण लुटीशीच होते.

ही गोष्ट १६४८ साली स्पष्ट झाली. राजा लहान, मुख्यमंत्री माझारँ परका, तिजोरी रिकामी. पॅरिसचे पार्लमां म्हणजे वरिष्ठ न्यायालय. इंग्लंडच्या पार्लमेंटशी त्याचा नावाखेरीज संबंध नाही. तेथील न्यायाधीश आणि इतर वरिष्ठ पदधारी एकत्र आले. त्यांनी इंटेंडंट परत बोलवा, ताय एकचतुर्थांशाने कमी करा, अशा मागण्या केल्या. रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. जानेवारी १६४९ मध्ये दहा वर्षांच्या लुईला घेऊन दरबाराला रात्रीतून पॅरिस सोडावे लागले. या बंडाला फ्राँद म्हणतात. न्यायाधीशांच्या भाषणांत जनतेचे कल्याण पुष्कळ होते. परंतु ठिणगी पडली होती ती पोलेतच्या नूतनीकरणाच्या अटींवरून, म्हणजे त्यांच्या वतनावरून. मग मोठे सरदार बंडात उतरले, एकमेकांत लढले, त्यांच्या सैन्यांनी पॅरिसभोवतालचा मुलूख उजाड केला, आणि १६५३ पर्यंत बंड विरून गेले. शेतकऱ्याच्या नावाने सुरू झालेल्या या लढ्यात त्याच्या हाती काही पडले नाही.

व्हर्सायचा करार

१६६१ साली माझारँ वारला आणि लुईने कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्याने काय केले? शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते की, त्याने सरदारांचे पंख छाटले. हे अर्धेच खरे आहे. त्याने त्यांची खाजगी सैन्ये संपविली. १६७३ साली पार्लमांना आज्ञा दिली की, आधी फर्मानाची नोंद करा, तक्रार मागाहून मांडा. इंटेंडंट पुन्हा प्रांतांत आले आणि कायमचे राहिले. परंतु करमाफीला त्याने हात लावला नाही. पदे परत घेतली नाहीत. सरदारांना सैन्यात हुद्दे दिले, दरबारात निवृत्तिवेतने दिली, त्यांच्या धाकट्या मुलांना धर्मपीठे दिली. बिशप नेमण्याचा अधिकार १५१६ च्या पोपबरोबरच्या करारापासून राजाकडेच होता.

विल्यम बाइक या अमेरिकन इतिहासकाराने लाँगदॉक प्रांताच्या हिशेबांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध केला. त्या प्रांतात गोळा झालेल्या करापैकी मोठा भाग पॅरिसला पोचतच नव्हता. व्याज, वेतन, दलाली आणि बक्षिसी या रूपांनी तो तेथल्याच सरदार, बिशप आणि पदधारी यांच्या घरी परत जात होता. लुईच्या आधी या वाटणीवरून भांडणे होती. लुईने वाटणी सुरळीत केली, म्हणून भांडणे थांबली. 'व्यवस्था' प्रस्थापित झाली असे जे म्हणतात, ती ही व्यवस्था. १६७५ साली मुद्रांकित कागद आणि तंबाखू यांवरील करांविरुद्ध ब्रिटनीतील शेतकरी उठले, तेव्हा तेथील सरदार त्यांच्याबरोबर गेले नाहीत. १६३९ आणि १६७५ यांमधील अंतर हेच लुईचे खरे यश होय.

या यशाची किंमत काय झाली तेही पाहावयास हवे. १६९० नंतरच्या युद्धांत फ्रेंच सैन्य सुमारे साडेतीन लाखांवर गेले. युरोपने एका राजाच्या निशाणाखाली इतके सैन्य पूर्वी फारसे पाहिले नव्हते. त्याच काळात १६९३-९४ च्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत फ्रान्समध्ये दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. तिजोरी इतकी ओढगस्त झाली की, १६९५ साली राजाने प्रथमच सर्वांवर कर बसविला. 'कापितासियाँ' या कराच्या यादीत प्रजेचे बावीस वर्ग होते आणि पहिल्या वर्गात खुद्द युवराज होता. तत्त्व नवे होते, पण ते कागदावरच राहिले. धर्मगुरूंनी ठोक देणगी देऊन सुटका करून घेतली, सरदारांनी आपली आकारणी आपल्याच माणसांकडून करून घेतली, आणि शेतकऱ्याच्या तायवर हा नवा कर चढला.

सेनापती व्होबाँ हा लुईचा किल्ले बांधणारा अभियंता. आयुष्यभर तो देशभर फिरला होता आणि त्याने गावे पाहिली होती. दहा माणसांमागे एक माणूस भीक मागतो, असा त्याचा अंदाज होता. सगळ्या माफ्या रद्द करून प्रत्येकाच्या उत्पन्नावर, जास्तीत जास्त दहाव्या हिश्शापर्यंत, सारखा कर बसवावा अशी योजना त्याने छापली. १७०७ साली त्या पुस्तकावर बंदी आली. त्याच वर्षी व्होबाँ वारला. व्होबाँ बंडखोर नव्हता. राजाचा तो निष्ठावंत सेवक होता आणि राजाची सत्ता बळकट व्हावी म्हणूनच त्याने लिहिले होते. तरी अनियंत्रित राजाला ती सूचना अमलात आणता आली नाही. येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अनवाणी शेतकऱ्यावर राजा अनियंत्रित होता. श्रीमंतांपुढे तो बांधलेला होता.

शेजारची उदाहरणे

हा केवळ फ्रान्सचा दोष होता काय? ब्रांडेनबुर्गचे उदाहरण घ्या. प्रशियाच्या लष्करी राज्याचा पाया घालणाऱ्या फ्रेडरिक विल्यमला १६५३ साली तेथील सरदारांच्या सभेने सहा वर्षांत ५,३०,००० थालर देण्याचे कबूल केले. मोबदल्यात त्याने शेतकऱ्यांवरील त्यांचे हक्क कायम केले. शेतकरी आपण भूदास नाही असे म्हणत असेल तर ते त्यानेच सिद्ध करावे, असे ठरले. पुराव्याचा भार दुबळ्यावर. राजाला सैन्य मिळाले, सरदाराला शेतकरी मिळाला. रशियात १६४९ च्या कायदेसंहितेने शेतकऱ्याला जमिनीशी जखडले आणि तेथेही सौदा याच स्वरूपाचा होता.

यावरून कोणी म्हणेल की, राजा दुबळा असता तर बरे झाले असते. त्याने पोलंडकडे पाहावे. तेथे राजा निवडून येई आणि १६५२ पासून सभेतील एकट्या सदस्याच्या नकाराने सारी सभा बरखास्त होऊ लागली. सरदार याला सुवर्ण स्वातंत्र्य म्हणत. त्या स्वातंत्र्यात शेतकरी भूदासच राहिला, आणि कर व सैन्य नसलेला तो देश शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत गिळला. राज्यसंस्था दुबळी झाल्याने श्रमिक मोकळा होत नाही, एवढे तरी यातून दिसते.

इंग्लंडची वाट वेगळी होती. पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून अकरा वर्षे पार्लमेंटवाचून राज्य केले, तारवांसाठीचा कर बंदरांबाहेरच्या मुलखातही बसविला, आणि १६४९ साली त्याचे शिर गेले. १६८८ च्या सत्तांतरानंतर कर व कर्ज दोन्हींवर पार्लमेंटचा ताबा आला. परिणाम असा की, अठराव्या शतकात ब्रिटिश सरकार राष्ट्रीय उत्पन्नाचा फ्रान्सपेक्षा मोठा वाटा करांतून उचलू शकले आणि कमी व्याजाने कर्ज काढू शकले. ज्यांचा पैसा होता तेच हिशेब तपासत होते, म्हणून ते देत होते. मात्र ही लोकशाही होती असा भ्रम नको. पार्लमेंट जमीनदारांचे आणि व्यापाऱ्यांचे होते, आणि जसजसे शतक सरले तसतसा कराचा मोठा भार बिअर, मीठ, साबण, मेणबत्त्या या गरिबाच्या वापरातील वस्तूंवर गेला. त्या पैशावर जे आरमार उभे राहिले त्याच्या छायेत कंपनीने हिंदुस्थानात काय केले, हे आपणांस ठाऊक आहे. फरक एवढाच सांगावयाचा आहे की, संमती मागणारी सत्ता संमती न मागणाऱ्या सत्तेपेक्षा बलवान ठरली.

तिजोरीचा तळ

मार्क्सवादी परंपरेत अनियंत्रित राजसत्तेविषयी दोन मते आहेत. एंगेल्सने १८८४ साली असे मांडले की, सरदार आणि नवा धनिकवर्ग यांची बळे समतोल झाली, त्यामुळे राजसत्तेला काही काळ दोघांच्या वर स्वतंत्रपणे उभे राहता आले. पेरी अँडरसनने १९७४ साली याच्या उलट मांडणी केली. गावपातळीवर भूदासत्व सैल झाल्यामुळे शेतकऱ्याकडून वसुली करण्याचे काम सरदाराला एकट्याने जमेना, म्हणून ते काम केंद्रीय सत्तेकडे गेले. अनियंत्रित राजसत्ता म्हणजे नव्या रूपात उभी केलेली सरंजामी सत्ताच. फ्रान्सची कराची वही अँडरसनच्या बाजूने अधिक बोलते असे मला वाटते. परंतु त्या वहीत आणखी एक गोष्ट आहे. हे राज्य आपल्याच आधारस्तंभांच्या ओझ्याने मोडले.

चौदावा लुई वारला तेव्हा दोन अब्ज लिव्रहून अधिक कर्ज मागे होते. पुढच्या शतकात युद्धे वाढली आणि कर्जही वाढले. १७८८ च्या अंदाजपत्रकात सरकारच्या खर्चाचा सुमारे निम्मा भाग कर्जाच्या फेडीत व व्याजात जात होता. दरबाराचा खर्च सहा टक्क्यांच्या आसपास होता. राणीच्या दागिन्यांनी फ्रान्स बुडाले ही गोष्ट ऐकावयास बरी वाटते, पण आकडे तसे सांगत नाहीत. बडा घर आणि पोकळ वासा, अशी अवस्था झाली होती. वासा पोखरला होता माफ्यांनी.

अर्थमंत्री कालोन याने सोळाव्या लुईपुढे योजना ठेवली की, सर्व जमिनीवर माफीवाचून एकच कर बसवावा. व्होबाँनंतर ऐंशी वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा पुढे आली. फेब्रुवारी १७८७ मध्ये प्रतिष्ठितांची सभा बोलावण्यात आली. तीत राजपुत्र, बिशप, सरदार, न्यायाधीश होते. त्यांनी ती योजना मानली नाही आणि एप्रिलमध्ये कालोनला घरी जावे लागले. पुढे पॅरिसच्या पार्लमांने सांगितले की, नवा कर मंजूर करण्याचा अधिकार राष्ट्रीय सभेलाच आहे. १७५ वर्षे ज्या सभेचे नाव काढले नव्हते ती श्रीमंतांनी स्वतःची माफी वाचविण्यासाठी मागितली. ५ मे १७८९ रोजी ती भरली आणि पुढचा इतिहास त्यांच्या हाती राहिला नाही. बास्तीय पडण्याच्या दोन दिवस आधी पॅरिसच्या जनतेने काय जाळावयास घेतले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिने शहराच्या वेशीवरील जकात नाकी पेटविली. ती कराचा मक्ता घेतलेल्या इजारदारांनी उभारली होती. ४ ऑगस्टच्या रात्री माफ्या आणि पदांची विक्री दोन्ही रद्द करण्याचा निर्णय झाला.

यंत्र मागे उरले

साथींनो, येथे थांबून टाळ्या वाजविणे सोपे आहे. पण मार्क्सने १८५२ साली आणि तॉकव्हिलने १८५६ साली, परस्परांहून भिन्न भूमिकांवरून, एकच गोष्ट निदर्शनास आणली. क्रांतीने राजा काढला. राजाने उभारलेली केंद्रीय यंत्रणा तिने मोडली नाही, ती पूर्ण केली. जुने प्रांत जाऊन १७९० साली ८३ विभाग आले. १८०० साली नेपोलियनने प्रत्येक विभागावर प्रीफेक्ट नेमला, तेव्हा इंटेंडंट नव्या नावाने परत आला. १७९३ च्या सार्वत्रिक सैन्यभरतीने प्रजासत्ताकाला जे सैन्य मिळाले ते लुईला स्वप्नातही मिळाले नसते. १७९० साली रद्द झालेला मिठाचा कर नेपोलियनने १८०६ साली पुन्हा बसविला, आणि तो कोणत्या ना कोणत्या रूपात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. विकलेली पदे गेली, परंतु पदधाऱ्यांना भरपाई मिळाली. अनवाणी सेनेला भरपाई देण्याचा प्रश्न कोणी काढला नाही.

म्हणून या इतिहासातून मी आपणांपुढे तीन कसोट्या ठेवतो. कोणतीही राज्यसंस्था समोर आली, मग ती राजाची असो, पार्लमेंटची असो वा प्रजेच्या नावाने चालणारी असो, तिला हे तीन प्रश्न विचारावेत. कर कोण भरतो आणि माफी कोणाला आहे? वसूल झालेला पैसा कोणाच्या हातांतून जातो आणि वाटेत कोणाकडे मुरतो? आणि ज्याच्याकडून तो घेतला, त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे काय? सत्ता किती मोठ्या आवाजात बोलते यावरून तिचे बळ ठरवू नये. बलाढ्यांच्या दारावर वसुलीसाठी जाण्याची तिची ताकद आहे की नाही, ते पाहावे. चौदाव्या लुईजवळ साडेतीन लाख सैन्य होते, आणि तरी ती ताकद त्याच्याजवळ नव्हती.

ती ताकद राजाच्या मर्जीतून येत नाही, मंत्र्याच्या हुशारीतून येत नाही, हे व्होबाँ आणि कालोन यांच्या अपयशाने दाखवून दिले. ज्यांनी कर भरला ते हिशेब मागावयास उभे राहिले, तेव्हाच माफ्या गेल्या. आणि हिशेब मागणे त्यांनी थांबविले, तेव्हा मिठाचा कर परत आला.